आधी कागद काढ, मग काय ते ठरव

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मार्क चांगले पडलेत, पण घरची परिस्थिती बघता पुढचं काही जमायचं नाही." आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती. ठरून गेलेली गोष्ट कळवावी तसं बोललीस आणि लगेच माझ्या तब्येतीची चौकशी केलीस. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आज सावकाश बोलते. तू ऐक, आणि तुझ्या वर्गातल्या ज्या दोघीतिघी असंच मनातल्या मनात ठरवून बसल्या असतील त्यांनाही सांग.

आधी मला सांग, हे ठरवलं कुणी? बाबा म्हणाले का, शिकू नकोस? आई म्हणाली? मी बघते ते असं की बहुतेक घरांत तोंडाने असं कुणी म्हणतच नाही. बाबा गप्प असतात, आई विषय बदलते, धाकट्याच्या शाळेचा खर्च निघतो आणि त्या गप्प बसण्यातून मुलगी आपल्यापुरतं उत्तर काढून मोकळी होते. घरावर भार नको म्हणून स्वतःच मागे सरते. वर चार लोक कौतुक करतात, "पोर समजूतदार आहे हो." या समजूतदारपणाची मला फार धास्ती वाटते. गेली कित्येक वर्षं मी मुलींचे शिष्यवृत्तीचे कागद बघून देते. शिक्षण सोडायला निघालेल्या मुलीला मी पहिल्यांदा एवढंच विचारते, नेमके किती रुपये कमी पडतायत? उत्तर येतं, "लाखभर लागतात म्हणे." कोण म्हणे? तर शेजारच्या काकांचा पुतण्या. कॉलेजात जाऊन विचारलंस का? नाही. म्हणजे ज्या आकड्यापायी सगळं सोडायचं, तो आकडाच कुणाला माहीत नसतो.

म्हणून आधी आकडा काढायचा. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन शुल्काचा तक्ता मागायचा, आणि त्यात शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, अनामत किती हे वेगवेगळं लिहून घ्यायचं. ही फोड का महत्त्वाची ते पुढे सांगते. मग राहण्या-खाण्याचा खर्च काढायचा. आणि तिसरा तो किरकोळ म्हणवणारा खर्च, एसटीचा पास, झेरॉक्स, जर्नल, ॲप्रन, परीक्षेचा फॉर्म, मोबाइलचं रिचार्ज. हे तीन खर्च तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून भागतात. सगळे एकत्र करून बघितले की डोंगर दिसतो, आणि मुली त्या डोंगराला भिऊन माघारी फिरतात.

आता फीचं बोलू. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ ला एक शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांनी व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क मिळायचं, ते मुलींना आता पूर्ण मिळतं. अनाथ मुला-मुलींनाही हा लाभ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुला-मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, आणि अनुसूचित जातीच्या मुलांच्या घरचं उत्पन्न त्याहून जास्त असेल तर ज्याला सगळे फ्रीशिप म्हणतात ती शुल्कमाफी. हे सगळे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरायचे असतात.

पण यात दोन ठिकाणी मुली फसतात, म्हणून बजावून सांगते. एक म्हणजे प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतूनच झालेला हवा. कुणी एजंट भेटतो, म्हणतो, "कशाला यादीची वाट बघता, मॅनेजमेंट कोट्यातून आत्ताच सीट पक्की करून देतो." तिथे हो म्हटलंस की माफी गेली. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही यात बसत नाहीत. नावात विद्यापीठ आहे, इमारत चकचकीत आहे, म्हणून कुणी तिकडे ओढलं तर आधी विचार, महाडीबीटीवर तुमचं कॉलेज आहे का? दुसरी गोष्ट, माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क आणि बाकीचे आकार त्यात येत नाहीत. म्हणूनच तुला फोड लिहून आणायला सांगितलं. "सगळं फुकट आहे" असं ऐकून गेलेली मुलगी काउंटरवर काही हजारांची पावती बघते, घाबरते आणि परत येते. आधी माहीत असलं की तेवढ्याची सोय करून जाता येतं. आणि पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळीच माफ असलेलं शुल्क मागितलं, तर गप्प भरू नकोस. ते घेऊ नका अशा सूचना सरकारने कॉलेजांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. शांतपणे म्हणायचं, "सर, मागताय ते लेखी द्या." बहुतेक वेळा तेवढ्यावर विषय मिटतो.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला जाणार असशील तर वेगळी खबरदारी घे. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित असते आणि शेजारच्याच वर्गात विनाअनुदानित. दोन्हींच्या फीत जमीन-अस्मानाचं अंतर. फॉर्म भरताना विचारायला लाजू नकोस, ही तुकडी अनुदानित आहे का? बारावीला तुझ्या शाखेत बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असशील आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. पदवीला वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. देशभरातल्या या शिष्यवृत्तींपैकी निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. इंजिनिअरिंग किंवा दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलीस तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, फक्त मुलींसाठी, वर्षाला ५०,०००, आणि एका घरातल्या दोघींना मिळू शकते. मात्र यांच्यासोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी चालत नाही. कागदावर हिशेब मांडून कुठली जास्त पदरात पडते ते बघायचं आणि तिथेच अर्ज करायचा. दोन्हीकडे भरून बघू म्हटलं की कधी कधी दोन्ही हातची जातात.

आता कागदांकडे येते. माझं सगळ्यात जास्त मन इथेच अडकतं, कारण मुली योजनेअभावी मागे राहिलेल्या मी फार थोड्या बघितल्या. दाखल्याअभावी राहिलेल्या कितीतरी.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा आणि चालू वर्षाचा लागतो. निकालानंतर सेतू केंद्रात जी गर्दी उसळते ती तू बघितलीच आहेस. म्हणून मी तर म्हणते, उशीर न करता अर्ज टाक. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, शेती असेल तर सात-बारा घेऊन जा. अर्ज केलास की पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा याची मुदत ठरवलेली आहे, आणि ती त्या पावतीपासून मोजतात. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्यासोबतच अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर हेही काढून ठेव. जात वैधता प्रमाणपत्राचं तर आणखी आधी बघायला हवं. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे त्याला महिनोन्‌महिने जातात. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, असं काय काय शोधावं लागतं. तुझ्या धाकट्या बहिणीला अकरावीतच त्याच्या मागे लाव, तिला पुढे जड जायचं नाही.

आणि नावं. अगं, नावांनी किती घात केलाय! एका मुलीचे कागद माझ्यासमोर टेबलावर पसरले होते. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांच्या नावापुढे "राव" जोडलेलं, गुणपत्रकावर नुसतं नाव. बँकेच्या पासबुकावर तिचं नाव ऱ्हस्वाऐवजी दीर्घ. आधारवर जन्माचं फक्त साल, तारीखच नाही. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला त्या तीन निराळ्या बाया. अर्ज परत आला, दुरुस्त केला, पुन्हा आला, तोवर दिवाळी झाली. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, दहावीचं गुणपत्रक प्रमाण धर. त्यावर जसं छापलंय तसंच्या तसं आधारवर आणि बँकेत करून घे. आधार केंद्रावर एक फेरी पडेल, थोडं शुल्क पडेल, पण पुढची चार-पाच वर्षं निर्धास्त जातील.

बँकेचं खातं तुझ्या स्वतःच्या नावाचं हवं आणि ते आधारला जोडलेलं हवं. मोबाइल जोडणं वेगळं आणि आधार जोडणं वेगळं, यात फार घोटाळा होतो. सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, तुझं आधार ज्या बँकेशी जोडलेलं आहे तिथे जातात. लहानपणी शाळेने गणवेशाच्या पैशासाठी एखाद्या बँकेत खातं काढून दिलं असेल आणि आधार अजून तिथेच जोडलेलं असेल, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यावर जाऊन पडते. ते खातं बंद पडलेलं असलं तर पैसे परत जातात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं, ते बघून घे. बदलायचं असेल तर बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भर. गावात बँक लांब असेल तर पोस्टातल्या पेमेंट्स बँकेचं खातंही चालतं.

फॉर्म भरल्यावर काम संपलं असं समजू नकोस. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनांकडे जातो, मग खात्याकडे. कुठेही त्रुटी निघाली की तो तुझ्याकडे परत पाठवतात, आणि ते तुला घरी येऊन कुणी सांगत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं. पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत राहू द्यायचा नाही, तुझ्याच वहीत हवा. मोबाइल नंबरही तुझाच किंवा घरातला दे. दुकानदाराचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तू दर वेळी त्याच्या दारात. आणि "पाचशे द्या, मंजूर करून आणतो" म्हणणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखव. मंजुरी विकत मिळत नसते. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसणाऱ्या बाई किंवा सर मात्र सोन्यासारखी माणसं असतात बघ, त्यांच्याशी नीट ओळख करून घे. शेकडो अर्जांमध्ये कुठे काय अडतं ते त्यांना तोंडपाठ असतं. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं हे तर कितीदा सांगू! पहिल्या वर्षी धावपळ करून मिळवलेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी नुसता फॉर्म राहिला म्हणून गेलेल्या मुली बघितल्या की मला वाईट वाटतं.

आता राहण्याचं. माझं स्पष्ट मत आहे की फीपेक्षा खोलीच्या भाड्यापायी जास्त मुली घरी परततात. फी माफ करायचा निर्णय एका कागदावर होतो. तालुक्याच्या मुलीला शहरात सुरक्षित खोली आणि दोन वेळचं जेवण देण्याचं काम त्याहून कठीण आहे, आणि ते अजून पुरेसं झालेलं नाही. सरकारी वसतिगृहांत जागा मोजक्या आहेत. तरी अर्ज भरायचाच. समाजकल्याण खात्याचं, आदिवासी विकास खात्याचं, जे तुला लागू आहे ते. कारण तिथे जागा मिळाली नाही तरच पुढचं दार उघडतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुला-मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहाला पात्र असून प्रवेश मिळाला नाही तर भोजन, निवास आणि निर्वाहाचे मिळून पैसे थेट खात्यावर येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शाहू महाराजांच्या योजनेत बसणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्यात वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असल्याचा दाखला कामी येतो. तुझे बाबा अल्पभूधारक आहेत ना? मग तो दाखला तहसीलमधून उत्पन्नाच्या दाखल्यासोबतच काढ, दोन खेपा कशाला. या योजनांमध्ये हजेरीची अट असते, खोलीचा भाडेकरार आणि घरमालकाची माहिती मागतात, हे घर बघतानाच लक्षात ठेव. करार करायला तयार नसलेल्या मालकाची खोली स्वस्त असली तरी तुझ्या कामाची नाही.

सरकारी दारं सोडून आणखीही आहेत. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुला-मुलींची वसतिगृहं चालवते. डॉ. अच्युत आपटे यांनी ती सुरू केली. ज्ञातींच्या, देवस्थानांच्या न्यासांची वसतिगृहंही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांचे अर्ज निकालानंतर लगेच निघतात आणि लगेच संपतात. जवळच्या शहरात असेल तिथे आठवडाभरात चौकशी कर. पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसाचे काही तास काम आणि त्याचे तासावर पैसे. पहिल्या आठवड्यात नाव द्यायचं, जागा भरून जातात. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांत तर हे पूर्वीपासूनच आहे. मेसचा खर्च त्यात सगळा निघेल असं नाही, पण हातखर्चासाठी घरी फोन करावा लागत नाही, आणि त्याने मुलीच्या चालण्याबोलण्यात जो फरक पडतो तो मी बघितलाय. एसटीने ये-जा करणार असशील तर बारावीपर्यंतचा मोफत पास आता चालायचा नाही, पण विद्यार्थी सवलतीचा मासिक पास असतो, तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. कॉलेजच्या बोनाफाइडवर मिळतो.

आणि हे बाबांना विचार. उन्हाळ्यात ते गवंड्याच्या हाताखाली जातात, दोन पावसाळ्यांच्या मध्ये तेवढाच आधार, असं तूच म्हणाली होतीस. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते. नोंदणी झालेल्याच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मंडळ मदत देतं. अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, वैद्यकीयला एक लाख. हे पैसे बांधकामांवर बसवलेल्या उपकरातून येतात, म्हणजे बाबांसारख्यांच्याच घामातून जमलेले. कितीतरी मजुरांच्या घरात हे कार्ड निघालेलंच नसतं, कारण ठेकेदार ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करतो. ग्रामसेवकही तो दाखला देऊ शकतात. बाबांना घेऊन स्वतः जा. ते एकटे गेले तर खिडकीवर दोन शब्द ऐकून परत येतील, तू सोबत असलीस की उभे राहतील.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. कर्ज म्हटलं की आपल्याकडे अंगावर काटा येतो, आणि ज्या घराने सोसायटीची आणि सावकाराची वसुली बघितली आहे त्याचं काही चुकत नाही. पण हे कर्ज वेगळं आहे, समजून घे. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, शिक्षण संपल्यावरही साधारण वर्षभराने सुरू होतो. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर कर, म्हणजे त्याची नोंद राहते. बँकेत कुणी "आमच्या शाखेत होत नाही" म्हणून हाकललं, तर कारण लेखी माग. मात्र एक कळकळीने सांगते, फीसाठी बाबांना जमीन गहाण टाकू देऊ नकोस, आणि आईला बचत गटाच्या नावाखाली दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या कंपन्यांच्या कर्जात पडू देऊ नकोस. त्या हप्त्यांच्या ताणात वर्षाच्या मध्यात शिक्षण सुटतं आणि कर्ज तेवढं उरतं.

एक नाजूक गोष्ट आहे, तीही बोलते. सरकारी पैसे वेळेवर येत नाहीत. कधी दुसरं वर्ष सुरू होतं तेव्हा पहिल्या वर्षाचा हप्ता पडतो. तोवरचे महिने कसे काढायचे याचा विचार आधीच कर. कॉलेजात गरीब विद्यार्थी निधी असतो, प्राचार्यांना लेखी अर्ज दिला तर परीक्षेच्या फॉर्मपुरती तरी सोय होते. आणि पैसे येतात तेव्हा नेमका पेरणीचा मोसम असतो. काही योजनांत फीची रक्कमही तुझ्याच खात्यावर येते आणि ती तू कॉलेजला भरायची असते. खात्यावर पंचवीस-तीस हजार दिसले की घरात बियाणं, खत, आजीचं औषध, सगळं आठवतं. मी ओळखते अशा एका घरात ते पैसे सोयाबीनच्या पेरणीत गेले, पाऊस लांबला आणि मुलीचा परीक्षेचा फॉर्म कॉलेजने अडवला. तिच्या वडिलांना कुणी बोल लावू नये, त्यांच्या डोळ्यांसमोर कोरडं रान होतं. पण म्हणूनच आधीच, शांतपणे, आई-बाबांना दोघांना एकत्र बसवून सांग, हे पैसे आपले नाहीत, कॉलेजचे आहेत, आले की त्याच आठवड्यात भरायचे. एटीएम कार्ड तुझ्याकडे राहू दे.

आणि ते जे तू हळूच म्हणालीस ना, "ताई, सगळ्यांसमोर गरिबीचे दाखले दाखवायचे, कसंतरीच वाटतं," त्याबद्दल. मला कळतं ते. वर्गात "शिष्यवृत्तीवाल्या" म्हणून हाक मारतात, काउंटरवर आवाज चढतो. पण ही गोष्ट दान म्हणून आपल्याकडे आलेली नाही, तिच्या मागे माणसांनी घर-संसार वाहिलेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बहुजनांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, कारण नुसती शाळा काढून भागत नाही, खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठे, हे त्यांना दिसलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. तिथे धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, मुलं उपाशी राहू नयेत म्हणून. त्या काळात सौभाग्यवतीने मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, ते तुझ्या आजीला विचार. त्या बाईने दिलं ते "बिचारी मुलं" म्हणून दिलं नाही, ही मुलं शिकलीच पाहिजेत म्हणून दिलं. तू दाखला पुढे करतेस तेव्हा याच हक्काने कर, मान वर ठेवून. आवाज चढवणाऱ्याला म्हण, "मॅडम, त्रुटी काय आहे ते सांगा, मी पूर्ण करून आणते," आणि ते करून आण.

आता कामाचं. सोमवारी सकाळी सेतू उघडायच्या आधी तिथे जा आणि उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि अल्पभूधारकाचा असे तिन्ही अर्ज एकाच खेपेत टाक. बाबांना सोबत घे, परत येताना बांधकाम मंडळाच्या नोंदणीची चौकशी दोघं मिळून करा. दुपारी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघ. मंगळवारी कॉलेजात जाऊन शुल्काची फोड आण, आणि वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो ते विचारून ये. कॅपची नोंदणी सुरू झाली की त्याच दिवशी नाव नोंदव, मुदत वाढेल या भरवशावर राहू नकोस. आणि आज रात्री जेवताना घरात सांग की मला ॲडमिशन घ्यायची आहे, पैशाचं काय ते मी विचारून येते. बाबा काय म्हणतात ते मला कळव. ते गप्पच राहिले तर फोन त्यांच्याकडे दे, मी बोलते त्यांच्याशी.